'सी', 'लुक' की 'वॉच'? जवळच्या अर्थाच्या इंग्रजी शब्दांविषयी वाचकांचे प्रश्न

या वेळच्या पत्रांत एकच अडचण वेगवेगळ्या रूपांत पुन्हा पुन्हा आली आहे. शब्दाचा अर्थ पाठ असतो, तरी वाक्यात शब्द चुकतो. दोन-तीन इंग्रजी शब्दांसमोर मराठीत एकच अर्थ लिहिलेला असला, की त्यांतला कोणता केव्हा वापरायचा हे त्या अर्थावरून कळत नाही. म्हणून या महिन्याचे सदर सगळे याच विषयाला दिले आहे. इंग्रजी शब्द नेहमीप्रमाणे देवनागरीत आहेत.

प्रश्न : मी रोज वीस इंग्रजी शब्द वहीत लिहितो, समोर मराठी अर्थ. पण 'रॉब' म्हणजे चोरणे, 'स्टील' म्हणजे चोरणे, 'स्नॅच' म्हणजेही जवळपास तेच. पाठ होतात आणि पेपरात गोंधळ उडतो. माझी पद्धत कुठे चुकते?
*स्पर्धा परीक्षेचा विद्यार्थी, लातूर*

उत्तर : चूक मधल्या 'बरोबर'च्या (=) खुणेत आहे. डावीकडे इंग्रजी शब्द, मध्ये खूण, उजवीकडे मराठी अर्थ, अशा वहीतून शब्द ओळखता येतो, वापरता येत नाही. जवळच्या शब्दांतला फरक बहुतेक वेळा त्यांच्या शेजारी उभा असतो. पुढे माणूस येतो की वस्तू, कोणते शब्दयोगी अव्यय लागते, कोणत्या नामाशी जोडी जमते, हे पाहिले की फरक दिसू लागतो.

तुमचेच शब्द घेऊ. 'स्टील'च्या पुढे वस्तू येते: पाकीट, सायकल, पैसे. 'रॉब'च्या पुढे माणूस किंवा जागा येते: प्रवासी, बँक, सराफाचे दुकान. 'दे रॉब्ड अ बँक' म्हणजे बँक लुटली. 'दे स्टोल अ बँक' म्हटले तर बँकच उचलून नेली, असा अर्थ होतो. अव्ययेही वेगळी आहेत. 'दे स्टोल अ वॉच फ्रॉम हिम', पण 'दे रॉब्ड हिम ऑफ हिज वॉच'. मराठीतही ही जोडी आहेच. प्रवाशाला लुटतात आणि त्याचे पाकीट चोरतात. वहीत 'रॉब'समोर 'लुटणे' लिहिले असते, तर निम्मा गोंधळ तिथेच मिटला असता. 'स्नॅच'मध्ये हिसका आहे. हातातली, गळ्यातली वस्तू झटक्यात ओढून घेणे, म्हणून सोनसाखळीच्या बातमीत 'चेन स्नॅचिंग' असते.

वही अशी करून पाहा. एका शब्दाला अर्धे पान द्या. वर शब्द आणि त्याखाली चांगल्या शब्दकोशातली तीन छोटी वाक्ये जशीच्या तशी उतरवा. सुरुवातीला स्वतः वाक्ये रचू नका, कारण तुमच्या वाक्यात तुमचीच चूक पक्की होईल. प्रत्येक वाक्यात त्या शब्दाच्या आधीचा एक आणि नंतरचे दोन-तीन शब्द अधोरेखित करा. मराठी अर्थ सर्वांत शेवटी, पेन्सिलीने लिहा, म्हणजे पुढे बदलावासा वाटला तर बदलता येईल.

समोरचे पान त्याच्या जुळ्या शब्दासाठी मोकळे ठेवा आणि ते त्याच दिवशी भरू नका. ही गोष्ट फार महत्त्वाची आहे आणि बहुतेक मार्गदर्शक पुस्तके नेमकी उलट सांगतात. समानार्थी शब्दांची लांबलचक यादी एका बैठकीत पाठ करायला लावतात. १९९० च्या दशकात यावर जे प्रयोग झाले, त्यांत अर्थाने जवळचे नवे शब्द एकत्र शिकायला एकमेकांशी संबंध नसलेल्या शब्दांपेक्षा जास्त कष्ट पडतात, असे दिसले. दोन्ही कच्चे असताना एकाच्या जागी दुसरा आठवतो. एक शब्द न अडखळता वापरता येऊ लागला, की आठवड्याभराने दुसरा घ्या.

दोन्ही पाने भरली की अदलाबदल करा. 'स्टील'च्या वाक्यांत 'रॉब' घाला आणि उलटही. तीनच गोष्टी होऊ शकतात: वाक्य चालते आणि अर्थ तोच राहतो, वाक्य चालते पण अर्थ बदलतो, किंवा वाक्यच मोडते. जिथे मोडते ते वाक्य लाल शाईने लिहून ठेवा, परीक्षेत तेच उपयोगी पडते. तीन दिवसांनी त्याच वाक्यांत रिकाम्या जागा करून स्वतःची चाचणी घ्या. आणि रोज वीस शब्द नकोत. या पद्धतीने सहा नीट होतात.

प्रश्न : मराठी माध्यमाच्या आठवीच्या वर्गाला इंग्रजी शिकवते. 'सी', 'लुक' आणि 'वॉच' यांतला फरक मुलांना कितीही सांगितला तरी 'आय ॲम सीइंग टीव्ही' येतेच. सोपा मार्ग आहे का?
*शिक्षिका, सांगली जिल्हा*

उत्तर : आहे, आणि तो मराठीतूनच जातो. तिन्हींना 'पाहणे' म्हटल्यामुळे घोटाळा होतो. 'सी'चा पहिला अर्थ 'दिसणे' असा शिकवा. दिसण्यासाठी काही करावे लागत नाही. डोळे उघडे असले की दिसते. 'लुक' म्हणजे नजर वळवून बघणे. 'वॉच' म्हणजे काही हालते-बदलते आहे ते लक्ष ठेवून बघत राहणे. 'मी बघितलं, पण मला काही दिसलं नाही' हे वाक्य आठवीतले कुठलेही मूल सहज बोलते. त्याचेच इंग्रजी 'आय लुक्ड, बट आय डिडन्ट सी एनिथिंग'. हे एक वाक्य फळ्यावर लिहा. फरक त्यात पूर्ण आला.

'दिसणे' हाताशी आले की 'आय ॲम सीइंग'चाही उलगडा होतो. फळा दिसतोय हे सांगताना इंग्रजीत चालू काळ वापरत नाहीत, कारण तिथे 'सी' ही कृती नसून स्थिती आहे. 'आय कॅन सी द बोर्ड' असे म्हणतात. हे 'कॅन' मुलांना खटकते, म्हणून ते सवयीने घालून घ्यावे लागते.

'लुक'ची मोठी चूक वेगळीच आहे. 'लुक द फोटो' म्हणतात आणि 'ॲट' गळते, कारण 'फोटो बघ' या मराठी वाक्यात मध्ये काही येत नाही. म्हणून 'लुक' हा शब्द फळ्यावर एकटा लिहूच नका. 'लुक ॲट' असाच लिहा. 'लुक फॉर' म्हणजे शोधणे आणि 'लुक आफ्टर' म्हणजे सांभाळणे हे वेगवेगळे शब्द म्हणून वेगळ्या दिवशी शिकवा.

'वॉच'च्या पुढे क्रिकेटचा सामना, टीव्ही, मुले, पक्षी येतात. फोटो येत नाही, कारण फोटोत काही बदलत नाही. सिनेमाला मात्र दोन्ही चालतात. थिएटरला जाऊन पाहिला तर बहुधा 'सी', घरी पडद्यावर पाहिला तर 'वॉच'. हा नियम कडक नाही, इथे मुलांचे गुण कापू नयेत.

'हिअर' आणि 'लिसन' यांचीही हीच गोष्ट. 'ऐकू येणे' आणि 'ऐकणे'. 'लिसन'ला 'टू' चिकटवूनच शिकवा. 'माझं ऐक' या सवयीमुळे 'लिसन मी' होते. ऑनलाइन तासाला सगळीकडे ऐकू येणारे 'आय ॲम नॉट हिअरिंग यू' हे 'आय कान्ट हिअर यू' असे हवे.

वर्गात पाच मिनिटांचा खेळ घ्या. एक मूल खिडकीपाशी उभे करा आणि तीन प्रश्न विचारा: काय दिसते? कशाकडे बघतोस? काय चालले आहे ते बघत राहा आणि सांग. तिन्ही प्रश्न इंग्रजीत विचारायचे आणि उत्तरही त्याच क्रियापदात घ्यायचे. व्याख्या लिहून देण्यापेक्षा हे लवकर बसते.

प्रश्न : 'से', 'टेल', 'स्पीक', 'टॉक'. थोडक्यात सांगा.
*महाविद्यालयीन विद्यार्थी, परभणी*

उत्तर : 'टेल'च्या लगेच पुढे ऐकणारा माणूस हवा: 'ही टोल्ड मी'. 'से'च्या पुढे बोललेले शब्द येतात. माणूस आणायचाच असेल तर आधी 'टू' लागते. म्हणून 'ही सेड मी' आणि 'ही टोल्ड दॅट' दोन्ही चूक. माणसाशिवाय 'टेल' चालते अशा ठरलेल्या जागा थोड्याच आहेत: खरे, खोटे, गोष्ट, विनोद, घड्याळातली वेळ आणि 'टेल द डिफरन्स'. भाषा बोलण्याला 'स्पीक', गप्पांना 'टॉक'. व्यासपीठावरून आणि फोनवर औपचारिकपणे बोलायचे तर 'स्पीक'. 'टॉक अबाउट'च्या सवयीने 'डिस्कस अबाउट' लिहिले जाते, पण 'डिस्कस'ला 'अबाउट' नको.

प्रश्न : पुण्यात सॉफ्टवेअर कंपनीत आहे. ग्राहक इंग्लंडमधले. 'आय हॅव अ डाउट इन युअर डिझाइन' असे लिहिले, तर समोरून जरा तुटक उत्तर आले. 'वुई विल वर्क ऑन इट अंटिल फ्रायडे' यावरूनही गैरसमज झाला. काय चुकले?
*वाचक, पिंपरी*

उत्तर : आपल्याकडे वर्गात हात वर करून 'सर, डाउट आहे' म्हणतात तेव्हा त्याचा अर्थ 'समजले नाही, विचारायचे आहे' एवढाच असतो. भारतात परस्परांत हा वापर रुळला आहे आणि त्याला चूक म्हणण्याचे कारण नाही. पण इंग्लंड-अमेरिकेत 'डाउट' म्हणजे अविश्वास. तुमच्या वाक्याचा त्यांनी घेतलेला अर्थ 'तुमच्या डिझाइनवर माझा भरवसा नाही' असा होतो. तिथे 'क्वेश्चन' लिहा: 'आय हॅव अ क्वेश्चन अबाउट युअर डिझाइन'. कागदपत्रांत 'क्वेरी'ही चालते.

याच शब्दात आणखी एक खड्डा आहे, आणि तो जास्त खोल आहे. 'आय डाउट दॅट ही डिलीटेड द फाइल' म्हणजे त्याने फाइल काढून टाकली असेल असे मला वाटत नाही. 'आय सस्पेक्ट दॅट ही डिलीटेड द फाइल' म्हणजे त्यानेच काढली असावी. एक वाक्य त्या माणसाला सोडवते, दुसरे अडकवते. मराठीत 'मला संशय आहे की त्याने फाइल काढली' एवढेच म्हणतो आणि त्याचा अर्थ दुसऱ्या वाक्यासारखा असतो. म्हणून मराठीतून उतरवताना 'डाउट' घातले की म्हणणे नेमके उलटे होते. चौकशी अहवालात, तक्रारीत ही चूक महागात पडते.

'पर्यंत'चे दोन तुकडे करा. काम एकदा पूर्ण होणार आणि त्याची शेवटची मुदत सांगायची आहे, तर 'बाय': 'वुई विल फिनिश इट बाय फ्रायडे'. गोष्ट तोवर चालू राहणार आणि मग थांबणार, तर 'अंटिल': 'द ऑफिस इज ओपन अंटिल फ्रायडे'. तुमच्या वाक्यातून शुक्रवारी काम थांबवणार एवढेच कळले, ते पूर्ण होणार का हे कळलेच नाही. मराठी वाक्यात 'तोवर सतत' घालून पाहा. अर्थ टिकला तर 'अंटिल', विचित्र वाटले तर 'बाय'. नकारात मात्र 'अंटिल' घ्या. 'डोन्ट सेंड इट अंटिल फ्रायडे' म्हणजे शुक्रवार येईपर्यंत पाठवू नका.

मुदतीचीच आणखी एक जोडी: 'इन टू डेज' म्हणजे दोन दिवसांनी, 'विदिन टू डेज' म्हणजे दोन दिवसांच्या आत. आणि पत्राच्या शेवटी 'आय एक्स्पेक्ट युअर रिप्लाय टुडे' लिहू नका. 'एक्स्पेक्ट'मध्ये हक्काची अपेक्षा आहे, ते फर्मान वाटते. 'आय होप टू हिअर फ्रॉम यू टुडे' योग्य. 'विल रिव्हर्ट'ऐवजी 'विल रिप्लाय' लिहा, कारण भारताबाहेर 'रिव्हर्ट'चा रूढ अर्थ पूर्वस्थितीला जाणे हा आहे.

प्रश्न : परिचारिका आहे. ब्रिटनमध्ये नोकरीसाठी इंग्रजीच्या परीक्षेची तयारी करते आहे. रुग्णाच्या दुखण्याचे वर्णन करताना 'पेन', 'एक' ('हेडएक'मधला), 'सोअर', 'हर्ट' सगळे सारखेच वाटतात. वैद्यकीय संज्ञा येतात, हे साधे शब्दच अडतात.
*वाचक, मिरज*

उत्तर : साधेच शब्द अडतात, कारण संज्ञा पुस्तकातून शिकलात आणि हे शब्द रुग्ण वापरतो. ते नीट कळले नाहीत तर नोंदच चुकते, म्हणून सविस्तर उत्तर देतो.

'हर्ट' हे क्रियापद घ्या. अवयव कर्ता होतो: 'माय नी हर्ट्स'. आपल्याकडचे 'माय हेड इज पेनिंग' ब्रिटिश रुग्णाला कळेल, पण तो तसे कधी म्हणणार नाही. 'पेन' वेदनेसाठीचे नाम म्हणून वापरा: 'अ पेन इन द चेस्ट', 'पेन इन द लोअर बॅक'. तीव्र, टोचणारी, जळजळणारी, थांबून थांबून येणारी अशी कुठलीही वेदना 'पेन'मध्ये मावते.

'एक' म्हणजे सौम्य पण सतत ठणकत राहणारे दुखणे. तो अवयवाला जोडून येतो, पण सगळ्या अवयवांना नाही. डोके, दात, पोट, पाठ, कान यांना जोडतात. गुडघ्याला किंवा हाताला तसा जोडशब्द नाही, तिथे 'नी पेन', 'आर्म पेन' म्हणायचे. 'सोअर' म्हणजे हुळहुळणारे, सुजून किंवा जास्त वापरून दुखणारे: घसा, व्यायामानंतरचे स्नायू, चोळवटलेली टाच. 'टेंडर' म्हणजे दाबल्यावर दुखणारे. पोट तपासताना नोंदीत हा शब्द वारंवार येतो. 'डझ इट हर्ट ऑल द टाइम, ऑर ओन्ली व्हेन आय प्रेस?' या एका प्रश्नाने 'पेन' आणि 'टेंडर' वेगळे होतात.

'इंजरी' आणि 'वूंड' यांत गोंधळ नको. अपघाताने, पडल्याने झाली ती 'इंजरी'. हाड मोडले, मुरगळले तरी तीच. 'वूंड'मध्ये त्वचा उघडी पडलेली असते. शस्त्राने झालेली जखम 'वूंड' आणि शस्त्रक्रियेचा छेदही 'वूंड', त्यालाच ड्रेसिंग करतात. बस अपघातातले लोक 'इंजर्ड', लढाईतले सैनिक 'वूंडेड'. वस्तूचे होते ते 'डॅमेज'.

'चक्कर' या एका शब्दात तीन अवस्था आहेत. भोवतालचे फिरल्यासारखे वाटते ते 'व्हर्टिगो', डोके हलके होऊन आता पडणार असे वाटते ते 'फेन्ट' किंवा 'लाइटहेडेड', आणि नक्की सांगता येत नाही तेव्हा 'डिझी'. रुग्ण 'डिझी' म्हणाला की पुढचा प्रश्न विचारायलाच हवा: खोली फिरते का, की शुद्ध हरपेल असे वाटते? कारणे वेगवेगळी असतात.

ब्रिटनमधल्या दोन खास गोष्टी. 'आय हॅव बीन सिक' असे रुग्ण म्हणाला तर बहुधा त्याला उलटी झालेली असते. नुसते आजारी असणे तिथे 'इल' किंवा 'अनवेल'. आणि शौचाविषयी विचारताना 'मोशन' म्हणू नका. 'हॅव यू ओपन्ड युअर बॉवेल्स टुडे?' असे विचारतात, जुलाबाला 'डायरिया' म्हणतात. तापाच्या आधी 'हाय' येते, 'हेवी' किंवा 'फुल' नाही, आणि घरगुती बोलण्यात 'शी हॅज अ टेम्परेचर' म्हणजेच ताप आहे. 'इच' म्हणजे खाज सुटणे, 'स्क्रॅच' म्हणजे खाजवणे. 'आय ॲम इचिंग माय आर्म' अशी चूक मूळ इंग्रजी बोलणारी मुलेही करतात.

प्रश्न : एकाच अर्थाचे इतके शब्द इंग्रजीने ठेवलेच कशाला?
*निवृत्त वाचक, नागपूर*

उत्तर : मुद्दाम कोणी ठेवले नाहीत. थर साचत गेले. मूळ बोली जर्मन कुळातली. १०६६ मध्ये नॉर्मनांनी इंग्लंड जिंकले आणि दरबार, कायदा, उच्चवर्ग यांची भाषा फ्रेंच झाली. ती इतकी मुरली की न्यायालयातले युक्तिवाद इंग्रजीत व्हावेत यासाठी १३६२ मध्ये कायदा करावा लागला. पुढे विद्वानांनी लॅटिनमधून थेट शब्द उचलले. त्यामुळे 'आस्क', 'क्वेश्चन', 'इंटेरोगेट' अशी तीन मजल्यांची रचना दिसते: खाली घरगुती, मध्ये औपचारिक, वर सरकारी किंवा शास्त्रीय. आई मुलाला 'आस्क' करते, पोलीस संशयिताला 'इंटेरोगेट' करतात. गोठ्यातली गाय 'काउ' आणि ताटातली 'बीफ', मेंढी 'शीप' आणि तिचे मांस 'मटन', हेही त्याच काळाचे अवशेष. आपल्याकडे मात्र मटण म्हटले की बहुतेक वेळा बोकडाचे, हे परदेशात खरेदी करताना ध्यानात ठेवा.

मराठी वाचकाला ही रचना परकी वाटू नये. पाणी मागतो, जल मागत नाही. खाते मात्र 'जलसंपदा'. बायकोशी बोलतो आणि अर्जात 'पत्नीचे नाव' लिहितो. 'स्टार्ट–कमेन्स', 'बाय–परचेस', 'हेल्प–असिस्ट' यांतला फरक असाच आहे. अर्थ तोच, प्रसंग वेगळा. दुकानात 'आय वॉन्ट टू परचेस अ पेन' म्हटले तर चूक नाही, पण ते निविदेच्या भाषेत बोलल्यासारखे वाटते. बोलताना आणि साध्या पत्रात नेहमी छोटा शब्द घ्या. आपल्याकडे इंग्रजी शासकीय कागदांतून शिकले जाते, त्यामुळे जड शब्दांची ओढ फार आहे. ती सोडलेली बरी.

प्रश्न : कोणता शब्दकोश वापरावा? मोबाइलवर इंग्रजी–मराठी आहे, समानार्थी शब्दांचा कोशही आहे.
*बारावीची विद्यार्थिनी, रत्नागिरी*

उत्तर : दोन्ही ठेवा, पण निर्णय त्यांच्यावर सोपवू नका. इंग्रजी–मराठी कोश अर्थाच्या दारापर्यंत नेतो. समानार्थी शब्दांचा कोश विसरलेला शब्द आठवून देण्यासाठी असतो, माहीत नसलेला निवडण्यासाठी नाही. त्यातून अनोळखी शब्द उचलून निबंधात घातला की तो हमखास खटकतो.

फरक समजण्यासाठी शिकणाऱ्यांसाठीचा इंग्रजी–इंग्रजी कोश हवा. हा प्रकार जपानमध्ये इंग्रजी शिकवणाऱ्या ए. एस. हॉर्नबी यांच्या कामातून रुजला. त्यांचा कोश १९४२ मध्ये आधी जपानात निघाला आणि १९४८ मध्ये ऑक्सफर्डने काढला. १९७८ च्या लाँगमनच्या कोशाने सगळ्या व्याख्या साधारण २००० सोप्या शब्दांत लिहिल्या. १९८७ च्या कोबिल्ड या कोशाने व्याख्याच पूर्ण वाक्यात दिली, त्यामुळे शब्द कोणासोबत येतो हे व्याख्येतच दिसते. ऑक्सफर्ड आणि लाँगमन दोन्ही इंटरनेटवर मोफत पाहता येतात. व्याख्येपेक्षा आधी उदाहरणे वाचा, आणि जवळच्या शब्दांची तुलना करणारी चौकट असेल तर ती चुकवू नका.

जोडी जमते की नाही हे तपासायला गुगलचे एनग्राम व्ह्यूअर वापरा. छापील पुस्तकांत एखादा शब्दसमूह किती आला याचा आलेख ते काढते. चौकटीत 'मेक अ मिस्टेक' आणि 'डू अ मिस्टेक' इंग्रजी लिपीत, मध्ये स्वल्पविराम देऊन टाका. पहिल्याची रेघ वर चढते, दुसऱ्याची तळाशी चिकटलेली दिसते. 'हेवी रेन' आणि 'स्ट्राँग रेन', 'स्ट्राँग विंड' आणि 'हेवी विंड' असेच पाहा. पावसाला 'हेवी' आणि वाऱ्याला 'स्ट्राँग' का, याचे तर्कशुद्ध कारण शोधत बसू नका. ती वहिवाट आहे. शब्दाच्या जागी ताराचिन्ह टाकले, उदाहरणार्थ 'कमिट' आणि पुढे ताराचिन्ह, की त्या जागी सर्वाधिक येणारे दहा शब्द मिळतात.

दोन मर्यादा लक्षात ठेवा. पाचपेक्षा जास्त शब्दांचा समूह त्यात शोधता येत नाही. आणि ती पुस्तकांची भाषा आहे. बोलण्यात सर्रास येणारा प्रयोग तिथे कमी दिसला म्हणजे तो चूक ठरत नाही.

प्रश्न : मुलाचा अभ्यास घेते. 'टॉल–हाय', 'शेड–शॅडो', 'बॉरो–लेंड', 'विन–बीट', 'हिस्टॉरिक–हिस्टॉरिकल', 'स्लिम–स्किनी' एवढे एकदा सांगून टाका.
*गृहिणी, जळगाव*

उत्तर : माणूस, झाड, इमारत, खांब अशा उभट गोष्टी 'टॉल'. डोंगर, भिंत, जमिनीपासून वर असलेले फळकूट किंवा छत 'हाय'. माणूस 'हाय' होत नाही.

सावलीत बसतो ती 'शेड', जमिनीवर आकृती पडते ती 'शॅडो'. जळगावच्या उन्हात झाडाची 'शेड' शोधतात, 'शॅडो' नव्हे.

उसने घेणारा 'बॉरो' करतो, देणारा 'लेंड'. 'बॉरो'सोबत 'फ्रॉम', 'लेंड'सोबत 'टू'. 'कॅन यू बॉरो मी युअर पेन' ही ठरलेली चूक आहे. 'कॅन आय बॉरो' किंवा 'कॅन यू लेंड मी' म्हणा. मराठीत 'उसने'च्या पुढे घेणे-देणे लागते, तेवढे मुलाच्या लक्षात राहिले की पुरे.

सामना, बक्षीस, निवडणूक 'विन' करतात. प्रतिस्पर्ध्याला 'बीट' करतात. 'इंडिया वन ऑस्ट्रेलिया' म्हणजे भारताने ऑस्ट्रेलिया देश बक्षिसात मिळवला. 'इंडिया बीट ऑस्ट्रेलिया' हवे. इथे 'बीट'चा भूतकाळही 'बीट'च राहतो.

इतिहासात महत्त्वाचा ठरलेला तो 'हिस्टॉरिक', इतिहासाशी संबंधित ते सगळे 'हिस्टॉरिकल'. जुन्या काळावरची कादंबरी 'हिस्टॉरिकल', १९६० मधली महाराष्ट्राची स्थापना ही 'हिस्टॉरिक' घटना. 'इकॉनॉमिक' म्हणजे अर्थव्यवस्थेविषयीचे, 'इकॉनॉमिकल' म्हणजे कमी खर्चाचे.

'स्लिम' कौतुकाचा, 'स्किनी' बहुधा टोमणा, 'थिन' मधला. अशा शब्दांवर मुलाला अधिक, उणे आणि शून्याच्या खुणा करायला सांगा: 'फेमस' अधिक, 'नोटोरियस' उणे. 'चाइल्डलाइक' अधिक, 'चाइल्डिश' उणे. 'डिटरमिन्ड' अधिक, 'स्टबर्न' उणे. समानार्थी शब्दाच्या बहुपर्यायी प्रश्नात दोन पर्याय सारखेच बरोबर वाटले, तर आधी प्रश्नातल्या वाक्याची खूण ठरवायची आणि विरुद्ध खुणेचा पर्याय खोडायचा.